वकीलसाहेब, ताळेबंद वाचता येतो का?

‘मॅडम, आकडे नकोत म्हणून तर लॉला आलो!’

माझ्या शनिवारच्या क्लासची सुरुवात हमखास या वाक्याने होते. बोलणारा दर बॅचला वेगळा, वाक्य तेच. मी सीए. पुण्यातल्या एका वकील मैत्रिणीच्या ज्युनिअर्सना अकाउंट्स शिकवायला जाते. समोर सात-आठ जण, काळे कोट खुर्च्यांच्या पाठीवर, हातात कटिंग आणि चेहऱ्यावर दहावीच्या गणिताच्या पेपरचे भाव.

मग मी एक सरावाची केस टेबलावर टाकते. बायकोने पोटगी मागितलीय. नवऱ्याचा मालवाहू टेम्पोंचा धंदा. तो म्हणतो, ‘धंदा तोट्यात, देऊ कुठून?’ सोबत नफा-तोटा पत्रक जोडलंय. निव्वळ तोटा २ लाख. तुम्ही बायकोचे वकील. आता बोला!

बहुतेक जण इथेच गार पडतात. कागदावर सीएचा शिक्का आहे म्हटल्यावर संपलंच ना सगळं?

संपत नाही हो! त्याच पत्रकात जरा वर बघा. घसारा ६ लाख. टेम्पो वापरून जुने झाले म्हणून दाखवलेला हा खर्च. खोटा नाही, पण यंदा खिशातून गेलेला पैसाही नाही. तो बाजूला काढला की २ लाखांच्या तोट्याच्या जागी ४ लाख शिल्लक दिसतात. आता ताळेबंदातलं भांडवल खातं उघडा. मालकाने घरखर्चासाठी केलेली उचल नफा-तोटा पत्रकात येतच नाही, ती इथे बसते. उचल ९ लाख! तोट्यातला माणूस ९ लाख उचलतो कुठून? जुनी पुंजी असेल, उधारी असेल, लपवलेलं उत्पन्नही असेल. उत्तर माहीत नाही, पण उलटतपासणीचा पहिला प्रश्न मिळाला की नाही?

आणि तुम्ही नवऱ्याचे वकील असाल तर? टेम्पोच्या कर्जाचे हप्ते काढा. हप्त्यातलं व्याज खर्चात दिसतं, मुद्दल दिसत नाही. ती रक्कम मात्र खरीच खिशातून जाते. म्हणजे तेच कागद, दोन्ही बाजूंना कामाचे. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘राजनेश विरुद्ध नेहा’ या निकालात सांगितलं की, पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं. तेव्हा ‘मी फॅमिली कोर्टात प्रॅक्टिस करणार, मला अकाउंट्स कशाला’ हे बोलायची सोय राहिलेली नाही.

हे सगळं पोरं पटापट शिकतात. अवघड असतात ते स्वतःचे आकडे.

मागच्या बॅचचा एक मुलगा क्लास सुटल्यावर घुटमळत होता. क्लायंटने कोर्ट फी आणि खर्चासाठी दिलेले ५० हजार त्याने आपल्याच सेव्हिंग खात्यात भरले. पाच तारखेला बाइकचा हप्ता कटला, मग रूमचं भाडं. कोर्ट फी भरायच्या दिवशी खात्यात पैसे कमी! मित्राकडून उसने घेऊन त्याने वेळ निभावली. ‘मॅडम, चोरी नव्हती हो ती...’ म्हणताना त्याचा आवाज बारीक झाला होता.

चोरीचा इरादा नव्हता, मान्य. पण मित्राने फोन उचलला नसता तर? बार काउन्सिलचे नियम स्पष्ट आहेत. क्लायंटच्या पैशांचा हिशोब तारखांसह ठेवायचा, आलेली रक्कम फीपोटी की खर्चापोटी ते लिहायचं, आणि केस चालू असताना खर्चाचे पैसे फीकडे वळवायचे तर क्लायंटची लेखी संमती घ्यायची. बाइकच्या हप्त्याची तर बातच सोडा! गंमत म्हणजे कायद्याच्या पदवीला ‘प्रोफेशनल एथिक्स अँड प्रोफेशनल अकाउंटिंग सिस्टीम’ हा पेपर सक्तीचा आहे. पण नावाचा दुसरा अर्धा भाग कुणालाच आठवत नाही. तिकडे इंग्लंडमध्ये क्लायंटचा पैसा फर्मच्या पैशापासून वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, आणि २०२१ पासून सुरू झालेल्या सॉलिसिटरच्या पात्रता परीक्षेत त्या हिशोबावर प्रश्न असतात.

तेव्हा ज्युनिअर मंडळी, या वीकेंडला दोनच कामं करा. क्लायंटच्या पैशांसाठी एक वेगळं बँक खातं उघडा. आणि एक साधी वही घाला: तारीख, कुणाचे, कशासाठी आले, कशावर गेले, उरले किती. डेबिट-क्रेडिट नंतर बघू.

तो मुलगा आता प्रत्येक बिलासोबत क्लायंटला हिशोबाचा एक कागद पाठवतो. परवा सांगत होता, ‘मॅडम, एका काकांनी तो कागद बघून पुढची केसही माझ्याकडेच दिली.’

आणि हो, बाइकचा हप्ता अजून पाच तारखेलाच कटतो. फक्त त्याच्या स्वतःच्या पैशांतून!