सोबत कोण?



वरवे बुद्रुकच्या बायका पुणे-सातारा रस्त्यानं वर्षातून कितीदा तरी जातात. माहेरी, दवाखान्यात, लग्नाला. याच रस्त्यानं नीरा ओलांडली की शिरवळ आणि तिथून जवळच नायगाव. 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीबाई फुले इथं जन्मल्या. त्यांचं घर आज स्मारक म्हणून जपलेलं आहे.

लेखकाच्या घरात आपण त्याचं टेबल, दौत शोधतो. इथं ते मिळायचं नाही. 1840 मध्ये, नवव्या वर्षी लग्न होऊन ही मुलगी इथून गेली. अक्षरओळख, 1848 ची पुण्यातली मुलींची शाळा, 1854 चा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह, सगळं त्यानंतरचं. म्हणूनच हे घर मायलेकींनी मिळून पाहावं. ते घर आणि दहावीनंतर 'आता पुरे' म्हणणारं आपलं घर, यांत अंतर किती, हे दोघींनी तिथंच बोलावं.

मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. अडतं ते परवानगीपाशी. देवदर्शनाला निघालेल्या बाईला कोणी अडवत नाही. नुसतं पाहायला निघालेल्या दोघींना मात्र 'सोबत कोण?' विचारतात. आईला लेक आहे, लेकीला आई आहे. गावोगावच्या मंडळांनी 3 जानेवारीची वाट न पाहता एखादा साधा वार ठरवावा आणि निघावं.