तिळाची वाटी, धन्याची वाटी

गोडा मसाला घरी करायचा म्हणून आत्याला फोन केला. तिने एका दमात सांगितलं, "धने किलोभर, जिरं पाव, तीळ पाव, खोबरं पाव. बाकीचं तुझ्या अंदाजाने."

दोन माणसांच्या घरात एवढा मसाला कोण खाणार? चाराला एक असा हिशेब मांडला आणि वाटी उचलली. चार वाट्या धने, एक वाटी जिरं, एक वाटी तीळ. गणित बरोबर आलं, मसाला चुकला. मिक्सरमध्ये त्याचा तेलकट गोळा झाला. पुढच्या रविवारी आत्या आली, चिमूटभर जिभेवर ठेवला आणि म्हणाली, "तीळ मोजलेस की ओतलेस?"

मग काटा काढला. माझ्या वाटीत १५० मिलिलिटर पाणी मावतं. त्याच वाटीत धने ५० ग्रॅमच्या आसपास भरतात, जिरं ६०, तीळ ९० आणि मेथ्या ११०. म्हणजे चार वाट्या, २०० ग्रॅम धन्यांना तीळ हवे होते ५० ग्रॅम, पडले ९०.

कारण बियांच्या अंगातच आहे. धना आतून पोकळ. बोटांत चिरडला की दोन फाका होतात. जिरं आडवं-तिडवं पडतं, मधे हवाच जास्त. तीळ चपटे, गुळगुळीत, एकमेकांना खेटून बसतात. मेथी तर खड्यासारखी भरीव.

जुन्या माणसांना हा घोळ ठाऊक होता. त्यांचे शेरच दोन होते: ८० तोळ्यांचा वजनी आणि धान्य भरून मोजायचा मापी. चिपटं, मापटं, अधोली, पायली ही सगळी मापी शेराची भावंडं. शिवाय माप शिगोशीग भरायचं की सपाट, हेही आधी ठरायचं. १९५८ पासून मेट्रिक वजनं येऊ लागली. दुकानात किलो आला, स्वयंपाकघरात वाटी राहिली, आणि 'कुठला शेर?' हा प्रश्न विचारायचं आपण सोडून दिलं.

वाटीत वाईट काही नाही. सगळी भाजणी वाटीनेच सांगितली असेल, तर वाटीनेच करावी. फोडणीच्या पाव चमचा मोहरीला काटा लावणं हा तर वेडेपणा. एकेका ग्रॅमने सरकणाऱ्या घरगुती काट्याला ती धड दिसतही नाही. चूक होते ती किलोचं प्रमाण परस्पर वाटीत उतरवताना.

माझे आकडे मात्र जसेच्या तसे उचलू नका. तुमची वाटी वेगळी असेल. ती सपाट भरून एकेक बी एकदाच काट्यावर ठेवा आणि आकडा त्या-त्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून टाका. पाच डब्यांना पंधरा मिनिटं पुरतात.