पीसीबीवरचा टोपॉलॉजिकल इन्सुलेटर

टोपॉलॉजिकल इन्सुलेटर आतून विसंवाहक असतो, पण त्याच्या कडेने वीज वाहते. व्युर्त्सबर्ग विद्यापीठात लॉरेन्स मोलेनकाम्प यांच्या गटाने 2007 मध्ये मर्क्युरी टेल्युराइडच्या अतिपातळ थरात हे दाखवले, तेही अतिशीत तापमानात. त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये त्यामागचे गणित साध्या कपॅसिटर-इंडक्टरवर, खोलीच्या तापमानाला मांडले. शिकागोच्या गटाने अशा कपॅसिटर-इंडक्टरच्या जाळीवरचे प्रयोग 2015 मध्येच प्रसिद्ध केले होते.

मुळात अशा सर्किटचे गणित म्हणजे किरचॉफचा नियमच आहे. प्रत्येक नोडचा प्रवाह आणि व्होल्टेज यांना जोडणारे मॅट्रिक्स इथे हॅमिल्टोनियनच्या जागी येते. फरक एवढाच की त्याच्या आयगेनमूल्यांतून ऊर्जा नव्हे, तर ठरावीक वारंवारतेची ॲडमिटन्स मिळते.

सर्वांत सोपे उदाहरण सू, श्रीफर आणि हीगर यांच्या 1979 च्या साखळीचे. 0.1 आणि 0.22 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आलटून पालटून जोडायचे आणि प्रत्येक नोडवरून 10 मायक्रोहेन्रीचा इंडक्टर ग्राउंडला द्यायचा. सुमारे 89 किलोहर्ट्झला नोडची स्वतःची ॲडमिटन्स शून्य होते. साखळी 0.1 च्या कपॅसिटरने सुरू झाली असेल, तर त्या टोकाशी इंपीडन्सचे उंच शिखर मिळते. तिथले व्होल्टेज पुढच्या प्रत्येक दोन-नोडच्या घटकात चिन्ह बदलत सुमारे 0.45 पटीने घटते. घटकातल्या दुसऱ्या नोडवर ते जवळजवळ शून्य असते. साखळी 0.22 ने सुरू केली की त्या टोकाचे शिखर नाहीसे होते. मात्र टोकाच्या नोडला एका बाजूचा शेजारी नसतो. तिथे गैरहजर कपॅसिटरएवढाच कपॅसिटर ग्राउंडला जोडावा लागतो, नाहीतर तो नोड वेगळ्याच वारंवारतेला जातो. पहिला प्रयोग फसतो तो बहुधा इथे.

‘दोषांना न जुमानणारी कड’ हे टोपॉलॉजिकल इन्सुलेटरचे वर्णन सर्किटला जसेच्या तसे लावता येत नाही. इलेक्ट्रॉनच्या साखळीत दोन स्थानांमधली जोडणी थोडी बदलली तरी कायरल सममिती टिकते. इथे मात्र जोडणारा प्रत्येक कपॅसिटर दोन्ही नोडच्या स्वतःच्या पदातही मोजला जातो. म्हणून त्याची चूक थेट सममितीच मोडते. इंडक्टरचेही तसेच, आणि बाजारातल्या इंडक्टरची टॉलरन्स बऱ्याचदा 10 ते 20 टक्के असते. एलसीआर मीटरने एकेक भाग मोजून, निवडून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. इंडक्टरचा क्यू (गुणवत्ता गुणांक) कमी असेल तर शिखर बसके होते, ते वेगळेच.

एकाच दिशेने जाणारी कडेची लहर हवी असेल तर निव्वळ एल आणि सी पुरत नाहीत, कारण ते दोन्ही दिशांना सारखेच वागतात. 2019 मध्ये व्युर्त्सबर्गच्या गटाने त्यासाठी ऑप-ॲम्प वापरण्याचा प्रस्ताव मांडला. त्याबरोबर अस्थिरतेची डोकेदुखीही येते. सर्किटचा एक फायदा मात्र आहे: तारेला अंतराचे बंधन नसते, दूरचे नोडही जोडता येतात. त्यामुळेच 2020 मध्ये चार मितींच्या इन्सुलेटरचे जाळेही सर्किट बोर्डांवर उतरले.

या जाळीत इलेक्ट्रॉनचे क्वांटम वर्तन नाही, क्वांटित हॉल वाहकताही नाही. आहे तो फक्त स्पेक्ट्रम आणि त्याच्या कडा. प्रयोगशाळांनी असे निष्कर्ष छापताना शिखराच्या आलेखाशेजारी सुट्या भागांची मोजलेली टॉलरन्स आणि इंडक्टरचा क्यू हेही आवर्जून द्यावेत.