नाव दगडफूल, पत्ता झाड
रविवारी गोड्या मसाल्यासाठी दगडफूल निवडायला बसलो (बसलो म्हणजे बसवला गेलो), तर एका तुकड्याच्या काळ्या पाठीला झाडाच्या सालीची ढलपी चिकटलेली. नाव दगडफूल, पण फूल तर नाहीच आणि मुक्कामही बहुतेकदा झाडावर! बुरशी आणि शैवाल यांचा हा संसार: एक घर बांधते, दुसरं उन्हावर स्वयंपाक करतं. बाजारात येणारं बरंचसं दगडफूल हिमालयातल्या बांज वगैरे ओकजातीच्या झाडांवरून काढलेलं असतं, आणि वर्षाला वाढतं जेमतेम काही मिलिमीटर. म्हणजे माझ्या चिमटीतला तो राखाडी चिटोरा आमच्या धाकट्यापेक्षा वयानं मोठा असायचा! त्यात ही जातकुळी नाजूक. हवेत गंधकाचा धूर वाढला की आधी ह्यांचा जीव जातो. शहरातली खराब हवा ह्यांना सोसत नाही, हे १८६६ मध्ये नायलँडर या वनस्पतिशास्त्रज्ञानं पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग बागेतल्या निरीक्षणांवरून टिपून ठेवलंय. तरी जंगलात सालीसकट ओरबाडणं चालूच. ते बंदच व्हायला हवं. गळालेल्या फांद्यांवरचं तेवढं वेचावं, महागलं तर महागू दे. आम्ही यंदा निम्मंच घातलं. आमटीला अजून कुणी नाव ठेवलेलं नाही.