जिल्हाधिकारी कोण नेमितो?

वांद्र्याच्या कचेरीत नवे जिल्हाधिकारी येणार असे कळले, की बोरिवलीपासून कुर्ल्यापर्यंत खातेदार दोनच गोष्टी विचारतात : साहेब आले कोठून, आणि राहणार किती दिवस? पहिलीचे उत्तर सोपे आहे. शेतकऱ्याचे हित गुंतले आहे ते दुसरीत.

कंपनी सरकारच्या अमलात मुलकी नोकऱ्या डायरेक्टरांच्या मर्जीने मिळत. सन १८५३ च्या सनदी कायद्याने ती रीत मोडली व १८५५ पासून लंडनमध्ये खुली परीक्षा सुरू झाली. आज हे काम संघ लोकसेवा आयोगाकडे आहे. राज्यसेवेतील उपजिल्हाधिकारी बढतीने वर घेतात, तेव्हाही निवडसमितीवर आयोगाचाच माणूस अध्यक्ष असतो. चाळणी बारीक आहे, यात संशय नाही.

परंतु आयोग माणूस निवडतो, खुर्ची देत नाही. कोणी कोणत्या जिल्ह्यात बसावे हे मंत्रालयात मुख्यमंत्र्यांच्या संमतीने ठरते. सन २००५ च्या बदल्यांच्या अधिनियमात एका पदावरील मुदत सामान्यतः ३ वर्षांची सांगितली आहे. मध्येच हलविणे झाल्यास कारण लेखी नोंदवावे लागते. सन २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदल्यांचा विचार करण्यास मंडळे नेमण्याचा हुकूम केला. तथापि मंडळाने केवळ शिफारस करावयाची. कारण लिहिले, की ती बाजूस सारण्याची मोकळीक आहेच. आणि ते कारण राहते फाइलीत! ज्या जिल्ह्याचा अधिकारी गेला, त्या जिल्ह्यास त्याचा पत्ता नसतो.

याची झळ कोणास लागते, हे महसुली कारकुनीत आम्ही पुष्कळ पाहिले. फेरफाराचे भांडण प्रांतांकडून अपिलात वर जाते. सुनावणी पुरी होते, निकाल तेवढा लिहावयाचा राहतो, आणि बदलीचा हुकूम येऊन थडकतो. नव्या साहेबांपुढे सारे प्रथमपासून! गोराईच्या खातेदाराने पुनः खाडी ओलांडून वांद्रे गाठावे, वकिलास पुनः पैसे मोजावे. तोवर जमीन वादात. तिच्यावर ना कर्ज मिळते, ना वाटणी होते.

नालायक अधिकारी तत्काळ हलवावा, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु मुदतीपूर्वी हलविल्यास त्याचे कारण कचेरीच्या फलकावर लागावे, व ज्या अपिलांची सुनावणी पुरी झाली असेल त्यांचे निकाल लिहिल्याखेरीज जाणाऱ्या अधिकाऱ्याने कार्यभार सोडू नये, एवढे मागणे आमच्या मंडळींनी सरकारकडे लेखी करावे. माहिती अधिकाराचा कायदा सन २००५ पासून आहे. तोवर त्या कायद्याखाली अर्ज देऊन कारण विचारण्यास कोणाची आडकाठी आहे?