माणसं गेल्यावर हलणाऱ्या फायली

२९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी मुंबईत परळ आणि एल्फिन्स्टन रोड या स्थानकांना जोडणाऱ्या पुलाच्या अरुंद जिन्यावर २३ माणसं चेंगरून मेली. पाऊस होता, लोक आडोशाला थांबले होते, मागून लोंढा येतच होता. २७ फेब्रुवारी २०१८ ला तिथेच लष्कराने बांधलेला नवा पूल खुला झाला. पाच महिनेही लागले नाहीत. जवानांचा गौरव झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण रुंद पुलाला मंजुरी अपघाताआधीच मिळालेली होती. मग तो कागदावर का पडून राहिला, हे विचारताना आपला आवाज इतका क्षीण का झाला?

हा गिरणगाव. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. त्यातल्या प्रत्येक इमारतीचा आराखडा होता, वेळापत्रक होतं, खर्चाचा पै-पैचा हिशेब होता. तिथे रोज कामाला येणारी हजारो पावलं कोणत्या जिन्यावरून उतरणार, याचा हिशेब मात्र कोणाच्याच वहीत नव्हता. प्रवासी ओरडत होते. त्यांचं ओरडणं आपण ‘तक्रार’ या खात्यात टाकलं. ते खरं तर प्रकल्पाच्या पहिल्या पानावर हवं होतं.

प्रकल्प सुरळीत चालवणारे वेगळे आणि संकटात धावणारे वेगळे, अशी वाटणी आपण प्रत्येक संस्थेत करून ठेवली आहे. ती खोटी आहे. बहुतेक संकटं म्हणजे प्रकल्पात कोणीतरी ढकललेली तारीख असते, नाहीतर गाळलेली तपासणी. बैठकीत ‘हे अजून सुरक्षित नाही’ म्हणणाऱ्याला आपण खोडा घालणारा ठरवतो, त्याची बढती अडवतो. आग लागल्यावर रात्रभर जागणाऱ्याला शाल-श्रीफळ देतो. आग लागूच न देणारा माणूस आपल्याला दिसतच नाही. हा दोष एकट्या रेल्वेचा नाही, आपल्या सगळ्यांच्या नजरेचा आहे.

मुंबईच्या पावसाळी गटारांचंही तेच. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला, १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल आला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा त्यातलं बहुतेक काम बाकीच होतं. शेकडो माणसं गेली, आणि मग कुठे केंद्राचा मोठा निधी मंजूर झाला. बारा वर्षं अहवाल बोलत होता. त्याचं ऐकायला आपल्याला प्रेतं लागली.

तुमच्या कारखान्यात, रुग्णालयात, शाळेतही असं एक टिपण नक्की पडलेलं असेल: तुटका कठडा, बंद पडलेलं अग्निशामक, कुलूप घातलेला मागचा दरवाजा. आजच ते बाहेर काढा. ज्याने ते लिहिलं त्याला पुढच्या बैठकीत सगळ्यात आधी बोलू द्या, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत घड्याळाकडे पाहू नका.