मक्ता कुणी कापला?

गझलेच्या शेवटच्या शेरात, मक्त्यात, शायर आपले तखल्लुस गुंफतो. अभंगाच्या अखेरीस संत आपली नाममुद्रा ठेवतात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनीही ती ठेवली. शब्द कुणाचा हे शब्दातच सांगून ठेवण्याची ही रीत. आज आपल्या लेखकांच्या कविता संकेतस्थळांवर फिरतात त्या नेमका हा मक्ता कापून. कुठे ‘अनामिक’, कुठे चक्क दुसऱ्याचेच नाव, कुठे अख्खा विशेषांक स्कॅन करून टाकलेला. आणि लेखक म्हणतो, ‘जाऊ द्या, कविता लोकांपर्यंत पोचली ना!’

हा मोठेपणा नव्हे. हे आपल्या हक्कावर पाणी सोडणे आहे.

काही जण यात दीनही आणतात. इल्म वाटावे, त्यावर मालकी सांगू नये, म्हणतात. वाटावे जरूर. पण आपल्या परंपरेत इल्म बिननावाचे कधीच वाटले गेले नाही. हदीस स्वीकारताना ती कुणी कुणाकडून ऐकली याची साखळी, इस्नाद, तपासली जाते. साखळी तुटली की रिवायत कमजोर ठरते. एकेका वाक्यासाठी इतकी नावे जपणाऱ्यांच्या वारसांनी आपल्याच कवीचे नाव खोडले जात असताना गप्प बसावे?

आपले नुकसान तर दुहेरी आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी ही आमचीही भाषा आहे, हे आपण तेव्हापासून सांगत आलो. त्याचा पुरावा म्हणजे कवितेखालचे नाव. ते गेले की कविता मराठीत राहते, कवी मात्र मराठीतून हद्दपार होतो. मग वर आपल्यालाच विचारले जाते, तुमचे मराठीत आहेच काय?

कायदा लेखकाच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्कासाठी नोंदणीची सक्ती नाही. लेखी करार करून हक्क दिला नसेल, तर अंकाला पाठवलेल्या कवितेचा मालक कवीच. हा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. शाहीर अमर शेख १९६९ मध्ये गेले. त्यांच्या रचनांवरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत शाबूत आहे. कलम ५७ प्रमाणे तर हक्क विकला, तरी आपली रचना आपल्या नावाने ओळखली जाण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

अमेरिकी कंपन्यांच्या सर्व्हरवरील चोरीसाठी तिथला १९९८ चा कायदा उपयोगी पडतो. मूळ रचना कोणती, चोरलेली प्रत नेमक्या कोणत्या पानावर आहे, मी मालक असून परवानगी दिलेली नाही याची ग्वाही, संपर्काचा पत्ता आणि सही, एवढा मजकूर पुरतो. साइटवाला दाद देत नसेल, तर त्याला जागा देणाऱ्या होस्टिंग कंपनीकडे आणि सर्च इंजिनकडे तक्रार करावी. त्यासाठी वकील लागत नाही. उलट दावा करायचा तर चोराला स्वतःचे नाव-पत्ता देऊन, खोट्या शपथेची जोखीम पत्करावी लागते. त्याने तसे केलेच, तर मात्र १० ते १४ कामाच्या दिवसांत प्रत पुन्हा झळकू शकते आणि ती रोखायला कोर्ट गाठावे लागते.

आपल्याकडील २०१३ चे नियम कागदावर कडक आहेत. तक्रार आल्यावर ३६ तासांत प्रत रोखायची, २१ दिवस बंद ठेवायची. पण तक्रारदाराने त्या २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आणण्याची हमी द्यायची! चित्रपट कंपनीला हे जमेल. चिपळूणच्या शाळामास्तराला? हा नियम श्रीमंतांसाठी लिहिला आहे. तो बदलण्याची मागणी आपल्या संमेलनांच्या ठरावांत आली पाहिजे.

एक पथ्य मात्र पाळावे. समीक्षेसाठी चार ओळी उद्धृत करणे ही चोरी नव्हे. टीकाकाराचे तोंड बंद करायला हे हत्यार उपसले, तर उद्या ते आपल्यावरही चालेल.

संपादकांनी जुन्या अंकांच्या प्रती तारखेनिशी जपाव्यात. पहिल्या प्रसिद्धीचा तोच पुरावा. तरुणांनी वडीलधाऱ्या लेखकांच्या तक्रारी टाइप करून द्याव्यात. आणि कौतुकापोटी का होईना, पण नाव कापून कविता पुढे पाठवणाऱ्या आपल्याच मंडळींना पहिल्यांदा जाब विचारावा.